फोनमागचे आवाज

“आईच्या गाठीचं काय झालं मग? रिपोर्ट आला का?” असं बाईंनी मला विचारलं आणि ते सगळ्या दवाखान्याने ऐकलं. बाई म्हणजे दादाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई. कानाच्या मशीनसाठी साचा द्यायला आल्या होत्या. मी त्यांच्या उजव्या कानात गुलाबी लगदा भरून तो घट्ट व्हायची वाट बघत उभी होते. डावा कान मुळातच कामातून गेलेला आणि उजवा मी नुकताच बुजवलेला, त्यामुळे आपला आवाज किती चढलाय याचा त्यांना पत्ताच नव्हता. बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली. “कसली गाठ?” मी विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून नुसतं हसून मान डोलावली. मग मीही आवाज चढवला. “कसली गाठ, बाई?” “अगं, छातीतली. ऑपरेशन झालं ना तिचं. मी जाऊन आले की इस्पितळात, फळं घेऊन. परवा दारात उभी होती, बरी दिसत होती. पण रिपोर्टचं विचारलं तर तुझ्या वहिनीने मला बाजूला नेलं आणि काय कुजबुजली देव जाणे. म्हटलं, तुलाच विचारावं.”

वहिनी काय कुजबुजली असेल ते मला तिथल्या तिथे कळलं. ‘मनूला सांगू नका हं, तिला झेपणार नाही.’ हे तिने जिच्या दोन्ही कानांची बोंब अशा बाईला, नेहमीच्या दबक्या स्वरात सांगितलं होतं. आमच्या घराला दबक्या स्वराची इतकी सवय झालीय की समोरच्याला ऐकू येतंय की नाही हेही कोणी बघत नाही. मी साचा हलक्या हाताने ओढून काढला. कडा नीट आल्या होत्या, टोकापर्यंत कुठे हवेचा बुडबुडा नव्हता. माझे हात थरथरत नव्हते, आणि ते मी मुद्दाम बघून घेतलं, कारण गेले काही दिवस ते थरथरत होते. बाईंचा कान पुसला, साच्यावर त्यांचं नाव लिहिलं आणि डबीत ठेवला. मग आत जाऊन पाणी प्यायले, आणि ग्लास खाली ठेवताना माझ्या लक्षात आलं की मला पहिल्यांदा आईची काळजी वाटली नव्हती. पहिल्यांदा मला राग आला होता, पायाच्या तळव्यापासून डोक्यापर्यंत, आणि त्या रागाने इतकं बरं वाटत होतं की मी तिथेच उभी राहून दोन-तीन मोठे श्वास घेतले.

कारण मला ऐकू आलं होतं. सगळं ऐकू आलं होतं. आई रोज संध्याकाळी मला फोन करते. गेल्या महिन्यात एके दिवशी तिने नेहमीसारखा फोन केला आणि म्हणाली, “मने, जेवलीस का दुपारी?” आणि त्या चार शब्दांतच मला कळलं की ती घरी नाही. दादाच्या घरात आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बोलते, तिथे भिंतीला कपाटं आहेत, पडदा आहे, आवाज अंगाशी राहतो. हा आवाज उंच छताच्या, फरशीने मढवलेल्या खोलीतला होता, प्रत्येक शब्दाच्या मागे त्याचंच थोडंसं शेपूट. मग एक घंटा वाजली, लिफ्टची वाजते तशी, आणि कुणीतरी चाकांचं काहीतरी ढकलत नेलं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. दादाच्या इमारतीला लिफ्ट नाही. “आई, कुठे आहेस तू?” “घरीच आहे की. कुठे जाणार मी?” “मग ती घंटा कसली?” मग दादाचा आवाज, मोकळा, हसरा, ताणलेला: “अगं, कसली घंटा? टीव्ही चालू असेल बाजूच्यांचा. तुला काहीही ऐकू येतं हं, मनू.” दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटा, पुन्हा ते चाक. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, येऊन जाते. तर वहिनी म्हणाली, “नको गं, धाकट्याला कांजिण्या आल्यात, तुला लहानपणी झाल्या नव्हत्या म्हणतात आई.” मला कांजिण्या झाल्या होत्या की नाही हेसुद्धा आईलाच माहीत. मी गेले नाही. मी घरी बसून फोन कानाला लावून ती घंटा ऐकत राहिले.

आणि मग मी ते केलं जे कुठलाही शहाणा आजारी माणूस करील. मी माझ्या डॉक्टरांकडे गेले. दोन वर्षांपासून मी त्यांच्याकडे जाते, दर महिन्याला, आणि नवरा बरोबर येतो. मी सांगितलं की मला फोनवर आवाज ऐकू येतात. घंटा ऐकू येते, चाकं ऐकू येतात, आई घरी असताना मला ती दुसरीकडे कुठेतरी आहे असं वाटतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला पुष्कळ प्रश्न विचारले, सगळे शांतपणे, आणि शेवटी नवऱ्याला विचारलं, “तुम्ही होतात का त्या वेळी खोलीत? तुम्हाला काही ऐकू आलं?” नवरा माझ्या शेजारी बसला होता. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. तो त्या दिवशी सकाळी इस्पितळात आईच्या उशाशी बसून आला होता, हे मला आता कळतंय. तो म्हणाला, “नाही डॉक्टर, मला तसं काही जाणवलं नाही.” तसं काही. डॉक्टरांचा यात काडीचा दोष नाही, समोरचे दोघे जे सांगतात त्यावरच त्यांना चालावं लागतं. त्यांनी रात्रीच्या गोळीबरोबर आणखी एक लिहून दिली, भासांवरची. त्या गोळीने माझी जीभ कोरडी पडली आणि हात कापायला लागले. दिवसभर डोक्यावर ओलं पांघरूण टाकल्यासारखं वाटायचं. आणि घंटा थांबली. आई घरी आली होती ना, थांबणारच. नवरा म्हणाला, “बघ, लागू पडली गोळी.” हे तो कुठल्या तोंडाने म्हणाला?

माझं काम कान तपासायचं आहे. आवाज बंद खोलीत माणूस बसवायचा, काचेच्या या बाजूला आपण बसायचं, त्याच्या कानात बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. वीस वर्षं मी हे करतेय. मधेच मी काहीच सोडत नाही, नुसती शांतता, आणि बघते कोण दाबतो. खूप जण दाबतात, खोटं बोलायचं म्हणून नाही तर काचेपलीकडच्या बाईला नाराज करायचं नाही म्हणून. गोळी सुरू झाल्यावर मला सोडलेला आवाज आणि न सोडलेला आवाज यांतला फरक कळेनासा झाला. म्हणजे कळत होता, पण कळतोय यावर माझा विश्वास उरला नव्हता. यंत्राची सुई हललेली दिसायची, मला हेडफोनात तो सूर ऐकू यायचा, आणि मी स्वतःला विचारायची, नक्की? एका लहान मुलीची तपासणी मी इतक्या वेळा पुन्हा पुन्हा केली की तिने रडून हेडफोन फेकून दिला. मी आपण होऊन आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं की मला तपासणीवर ठेवू नका. त्यांनी मला साचे काढायच्या टेबलावर बसवलं. माझ्या जागी नवी मुलगी आली, तिला अजून बटणं सापडत नाहीत. हे सगळं मी एका घंटेपायी केलं, जी खरोखर वाजत होती.

आमच्याकडे हे लपवणं पिढीजात आहे असं मी म्हणणार नाही, कारण मला त्याचा आरंभ माहीत आहे. मी दहावीत होते आणि माझी परीक्षा चालू होती. आत्या आमच्याकडेच राहायची, लग्न केलं नव्हतं तिने, आणि घरात मोठ्याने हसणारी ती एकटीच. पहिल्या पेपरच्या दिवशी मी घरी आले तर आत्या नाही. आई म्हणाली, मैत्रिणीकडे गेलीय, येईल. त्या सगळ्या परीक्षेत मी रोज आत्याबद्दल बोलत होते. आत्या आली की तिला अमुक सांगायचंय, आत्याला तमुक ऐकवायचंय, आणि बाबा ताटात मान घालून हं हं म्हणत होते. बाबांचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाले, धूळ गेली. आईला मी न्हाणीघरात नळ सोडून रडताना ऐकलं. मी दारावर थाप मारली. आई बाहेर आली आणि म्हणाली, “कोण रडतंय? काहीतरीच तुझं.” शेवटचा पेपर झाला तेव्हा मला समोर बसवून सांगण्यात आलं की आत्या गेली. माझ्याशिवाय सगळ्यांनी तिला निरोप दिला होता, दादानेसुद्धा. आणि गंमत अशी की मला भरपूर मार्क पडले. आमच्या घराण्यात तेवढे कुणाला पडले नव्हते. बाबा पेढे वाटावेत तसं ते वाक्य सगळ्या नातेवाइकांत वाटत सुटले: “सांगितलं असतं तर पडले असते का एवढे?” त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून आमच्याकडे न सांगणं हे औषध झालं. मला आत्याच्या मरणाचं दुःख करायला जागाच मिळाली नाही, कारण मला कळलं तोवर बाकीच्यांचं रडून झालं होतं आणि घरात पुन्हा भाजीच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी मी कामावर त्या आवाज बंद खोलीत जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. बाहेर माणसं खोळंबली होती. मला नुसतं बसायचं होतं, जिथे काहीच ऐकू येत नाही तिथे. शेवटी नवऱ्याला बोलावून घेतलं, त्याने मला हाताला धरून बाहेर आणलं. त्या प्रकाराला घरात अजून नाव नाही. ‘तुझं ते’ म्हणतात, किंवा ‘त्या वेळी’. त्या वेळेपासून मी खोलीत शिरले की टीव्ही मोठा होतो. दोघं बोलत असली की तिसरा घसा खाकरतो. काय चाललंय विचारलं की सगळे एका सुरात ‘काही नाही गं’ म्हणतात, कुणीतरी बसवून घेतल्यासारखे. आमच्या मुलीला शाळेत कमी मार्क पडले तर ते मला शेजारणीकडून कळतं. मला कापसात गुंडाळून ठेवलंय सगळ्यांनी, आणि कापसात श्वास घेता येत नाही हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. प्रेमानेच करतात, यात मला शंका नाही. पण प्रेमाने केलं म्हणून त्याचं दुसरं काही होत नाही. ज्याचं त्याला जे दिसतंय, ऐकू येतंय, ते खोटं आहे असं रोज लाडाने सांगितलं तर धडधाकट माणूसही खुळा होईल. मी तर आधीच एकदा झालेली.

मी मोठ्या डॉक्टरांना सांगून निघाले. रस्त्यात नवऱ्याला फोन लावला. तो ऑफिसात होता, मागे छपाईचं यंत्र कागद ओढत होतं. “आईचं ऑपरेशन कधी झालं?” मी विचारलं. यंत्राचे चार-पाच कागद गेले. “तुला कोणी सांगितलं?” तो म्हणाला. “ते विचारू नकोस. तू डॉक्टरांसमोर बसला होतास.” “अगं, ऐक, आपण घरी बोलू. तू आता कुठे आहेस? रिक्षात बस आणि सरळ घरी जा. मी येतो.” त्याचा तो स्वर मला चांगला माहीत आहे, गच्चीच्या कठड्यावर चढलेल्या मुलाशी बोलतात तो. “मी दादाकडे चाललेय. यायचं तर तिथे ये,” म्हटलं आणि बंद केला. आणि मला हसू आलं. रस्त्यात एकटी बाई मोठ्याने हसतेय म्हणून एका कुत्रा फिरवणाऱ्याने वळून बघितलं. बघू दे. घामाने पाठ ओली झाली होती, जीभ तशीच कोरडी होती, चपलेचा पट्टा टाचेला लागत होता, आणि मला कुठल्यातरी दुकानाचं शटर वर जाताना ऐकू येत होतं, पुढच्या गल्लीतून एक मोटार मागे येताना ऐकू येत होती. वळणावर पोचले तर खरोखरच मोटार मागे येत होती. मी तिला वाट दिली.

माझ्या आधी फोन पोचला होता. दादा दारातच उभा, घामाघूम, हसतमुख. वहिनीने टीव्ही लावून ठेवला होता. “ये गं, अचानक? चहा टाकते,” ती म्हणाली. मी जाऊन टीव्ही बंद केला. “कांजिण्या बऱ्या झाल्या का?” मी विचारलं. धाकटा कोपऱ्यात बसून पेन्सिलीला टोक करत होता, त्याच्या गुळगुळीत तोंडाकडे बघून वहिनी गोरीमोरी झाली. दादा म्हणाला, “हे बघ मनू, आधी बस. शांत हो.” “मी शांतच आहे. तू मला फोनवर सांगितलंस की टीव्हीचा आवाज आहे.” “तुझ्या भल्यासाठी सांगितलं. तुझी ती अवस्था, त्यात हे. उद्या तुला काही झालं असतं तर आम्ही कोणाकोणाकडे बघायचं? दोन इस्पितळं करायची होती का मी?” त्याचा आवाज फाटला, आणि मला दिसलं की दादा थकलाय, त्याचं वजन उतरलंय, दाढीत पांढरे केस आलेत जे मी याआधी बघितले नव्हते. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण मी घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर सगळं पुन्हा गुळगुळीत झालं असतं. “दादा, तू खोटं बोललास म्हणून मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं की मला भास होतात. मला त्यावर औषध चालू आहे. माझं तपासणीचं काम सुटलंय. हे तुला माहीत होतं का?” त्याला माहीत नव्हतं. तो वहिनीकडे बघायला लागला. माझ्याबद्दलही त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यालाही ताण नको म्हणून.

तेवढ्यात नवरा जिने चढून आला, धापा टाकत, हातात ऑफिसची पिशवी. त्याने माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे, मग दोघांनी मिळून वहिनीकडे. “एकमेकांकडे बघू नका,” मी म्हटलं. “माझ्याकडे बघा. मी इथे आहे. उद्या आपण डॉक्टरांकडे जातोय. ती घंटा खरी होती हे तू सांगायचंस, तुझ्या तोंडाने, मी शेजारी बसणार. गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, मी माझ्या मनाने काही बंद करणार नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण यापुढे माझ्या कानांबद्दल तू साक्ष द्यायची नाहीस.” तो म्हणाला, “मला भीती वाटली होती गं. त्या खोलीतून तुला बाहेर आणलं ना मी, ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.” हे त्याने दोन वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. “मग ते सांगायचं होतंस,” मी म्हटलं. माझ्या मनात त्याला क्षमा नव्हती, अजूनही पुरती नाही, पण त्याचा तो आवाज खरा होता आणि मला तो ओळखता आला.

आई आतल्या खोलीत होती. दार अर्धवट लोटलेलं. पलंगावर उशांना टेकून बसली होती, डाव्या हाताखाली एक लहान उशी, आणि खांद्यावर शाल अशी घेतलेली की काही दिसू नये. ती इतकी लहान कधी झाली? “आलीस?” ती म्हणाली. “कांजिण्या तुला झाल्या होत्या हो. चांगल्या अंगभर झाल्या होत्या.” मी पलंगाच्या कडेला बसले. सगळे दारात येऊन उभे राहिले. “रिपोर्ट आला?” मी विचारलं. आईने दाराकडे बघितलं. दादा म्हणाला, “डॉक्टर म्हणतात काळजीचं काही…” “तुला नाही विचारलं, दादा.” मग आई म्हणाली, “वाईट निघाली ती. अजून उपचार करायचेत, केस जातील म्हणतात. पुढचं कोणी धड सांगत नाही मला.”

मला रडू आलं. पोटातून आलं, आवाजासकट, नाक गळायला लागलं. दारातून वहिनी हळूच म्हणाली, “बघा, म्हणूनच आपण सांगत नव्हतो.” आणि नवरा पुढे झाला, त्याच्या हातात पाण्याचा ग्लास आणि पिशवीतून काढलेली माझी गोळ्यांची पट्टी. मी ग्लास घेतला. पट्टी परत दिली. “आत्ता गोळीची वेळ नाही,” मी म्हटलं. “माझ्या आईला कॅन्सर झालाय, म्हणून मी रडतेय. तुम्ही पण रडला असाल. मला वेगळं काही झालेलं नाही.” तो शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता, हे मला सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. आईने डोळे मिटले, आणि मला वाटलं आता ही कोसळणार, आता सगळे मला ओढून बाहेर काढणार. पण तिने श्वास सोडला, चांगला लांब, आणि माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

“मने, मी इतकी घाबरलेय ना,” ती म्हणाली. “रोज तुला फोन लावायचा आणि जेवलीस का विचारायचं. एकदा वाटलं, सांगून टाकावं. तर हा दादा समोर उभा, बोट ओठावर ठेवून. इथे सगळे येतात आणि बरं वाटतंय ना विचारतात. हो म्हणावं लागतं. ऑपरेशनला आत नेताना तर मला वाटलं, झालं, आता मी परत येत नाही. आणि कुणाचं तोंड आठवेना. तुमच्या आत्याला इस्पितळात नेलं ना तेव्हा तिने मला काय सांगितलं होतं, ते तुला सांगायचं राहूनच गेलंय.” ती रडत होती आणि बोलत होती, दोन्ही एकदम, आणि तिचा आवाज त्या छोट्या खोलीत अगदी जवळ, कुठलंही शेपूट नसलेला. मी पाय वर घेऊन तिच्या शेजारी सरकून बसले.

“आई, पुरे आता,” दादा दारातून म्हणाला. “दम लागेल तुला. मनू, तुलाही त्रास होईल. ऊठ बरं, बाहेर ये, चहा झालाय.”

“दादा, दार लाव,” मी म्हटलं. “बाहेरून.”

त्याने आईकडे बघितलं. तिने मान हलवली. दार लागलं, आणि आई पुढे सांगायला लागली.